नवा साचा आणि नगावरची मजुरी

श्रोतेहो, नमस्कार.

"आमच्या माणसांना नवीन काही शिकायलाच नको!" वागळे इस्टेटपासून रबाळे-महापेपर्यंत कारखान्यांच्या कुठल्याही गाळ्यात शिरा, हे वाक्य चहाबरोबर ऐकायला मिळतं. गरीब देशांत नवं तंत्रज्ञान का रुजत नाही, यावर तज्ज्ञ बोलतात तेव्हाही सूर पुष्कळदा हाच असतो, फक्त भाषा जरा गुळगुळीत. भांडवल नाही, जागृती नाही. भांडवलाचं मला पटतं. जागृतीबद्दल मात्र शंका आहे, आणि त्या शंकेचं कारण आहे फुटबॉल.

पाकिस्तानातल्या सियालकोटचे फुटबॉल जगभर जातात. फुटबॉलवर वीस षटकोन असतात आणि बारा पंचकोन. हे तुकडे रेक्झिनच्या शीटमधून साच्याने, म्हणजे डायने, कापतात. पंचकोन एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत, त्यामुळे मधलं रेक्झिन वाया जातं. काही अर्थतज्ज्ञांनी पंचकोनांची मांडणी बदलून नवी डाय तयार करून घेतली. एका शीटमधून साधारण 250 पंचकोन निघायचे, तिथे 272 निघू लागले. ही डाय त्यांनी 35 कारखान्यांना फुकट दिली. शिकवायला माणूसही दिला. पंधरा महिन्यांनी पाहिलं तर वापरणारे जेमतेम पाच-सहा!

फुकट, सोपी आणि फायद्याची वस्तू. मग घोडं अडलं कुठे?

कापणाऱ्याच्या मजुरीत. त्याला पैसे नगावर मिळतात. नव्या डायने सुरुवातीला हात सावकाश चालतो, म्हणजे दिवसाची कमाई कमी. वाचलेलं रेक्झिन मालकाचं, गेलेला वेळ कामगाराचा. मग कामगार मालकाला सांगणार, "साहेब, ही डाय काही कामाची नाही." मालक स्वतः थोडाच कापायच्या प्रेसवर बसतो? त्याने विश्वास ठेवला.

पुढची युक्ती अगदी साधी होती. काही कारखान्यांत एका कापणाऱ्याला सांगितलं, नवी डाय चालवून दाखव, साधारण महिन्याच्या कमाईइतके पैसे एकरकमी देतो. नवी डाय वापरणारे कारखाने वाढले. हे निष्कर्ष 2017 साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडच्या लघुउद्योजकांनी ते वाचलेच पाहिजेत असं मी म्हणेन. सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या, मशीनसाठी बँकेकडून कर्ज काढताना हप्त्याचा हिशोब होतो. ऑपरेटरचा हात बसेपर्यंत त्याचा ओव्हरटाइम बुडेल, तो कोण भरून देणार, हे कोटेशनमध्ये कुठेच नसतं. आणि मशीन आल्यावर चार माणसांचं काम दोघांत होणार असेल, तर ते शिकायची घाई त्या चौघांना का असावी?

त्रास कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्न हातपंपालाही लागू पडतो. गावोगावी बोअर मारून बसवलेले सुरुवातीचे बिडाचे पंप मुळात परदेशातल्या एकेका कुटुंबासाठी घडवलेले. इथे त्यावर अख्खं गाव पाणी भरणार. ते भराभर मोडले, आणि मोडल्यावर पायपीट बायकांची. मजबूत पंपाची वाट पुढे निघाली ती आपल्या जालन्यातून आणि सोलापुरातून. तिथल्या पोलादी पंपांच्या धर्तीवर सत्तरच्या दशकात 'इंडिया मार्क टू' तयार झाला. पंप दणकट होता, पण आतला वॉशर बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागत, त्यासाठी तालुक्याहून माणसं यायची वाट बघा! 'मार्क थ्री'मध्ये पाइप न काढता वॉशर बदलता येऊ लागला, आणि दुरुस्ती गावाच्या आवाक्यात आली.

कधीकधी प्रश्न फक्त महिन्याचा असतो. पश्चिम केनियातल्या मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना खताचा फायदा माहीत होता, पण खत घालायची वेळ येईपर्यंत हातातला पैसा संपलेला असायचा. कापणी होताच, पैसा हातात असताना, 'आत्ता पैसे भरा, खत घरपोच देतो' असं सांगितल्यावर खत घेणारे लक्षणीय वाढले. सवलत होती फक्त पोचवण्याच्या खर्चाची.

आपल्या मुरबाड-शहापुरात भात दिवाळीच्या आगेमागे घरात येतो, आणि खत-बियाण्याचे मेळावे भरतात मे-जूनमध्ये. तेव्हा शेतकऱ्याच्या घरी शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च उभा असतो. कृषी खात्यातलं कोणी हे ऐकत असेल, तर एक मेळावा नोव्हेंबरात, खळ्यावरच भरवून बघा.

नमस्कार.