वरच्या रांगेतले फोटो

[दृश्य : तीन हात नाका, सकाळची गर्दी. सिग्नलच्या खांबाला बांधलेला वाढदिवसाचा फ्लेक्स. कॅमेरा खालून वर.]

फ्लेक्स खालून वर वाचायचा. अगदी खाली 'शुभेच्छुक' म्हणून जी तोंडं दिसतात ती वॉर्डातली पोरं. वर्गणी त्यांनीच काढलेली असते आणि रात्री शिडी लावून तारेनं फ्लेक्स आवळणारेही तेच. मधोमध हात जोडून उभे असतात ते 'भावी नगरसेवक'. आणि सगळ्यात वर, गोल चौकटींत, बोराएवढे फोटो. माझी नजर आधी त्या वरच्या रांगेवर जाते. कोण आधी, कोण नंतर, मागच्या वर्षी होता आणि यंदा नाही असा कोण, हे पाहिलं की ठाण्यात काय चाललंय ते कळतं.

मी राजकारणावर विनोदी लिहिते. त्यासाठी विधान भवनात जाणारी पुष्कळ माणसं आहेत. मी जांभळी नाक्यावर भाजीला जाते, येताना राम मारुती रोडनं चालत येते आणि वाटेत दिसेल ते वाचत येते.

[दृश्य : फ्लेक्स छपाईचं दुकान. संगणकाचा पडदा, माउसवरचा हात. मागे छपाईचं यंत्र चालू.]

हे दुकान आम्ही दिवसभर चित्रित केलं. डिझाइन करणारा हा मुलगा गेल्या वर्षीची फाइल उघडतो. तारीख बदलतो. उत्सवमूर्तीच्या केसांभोवतीची पार्श्वभूमी तो किती हळुवार हातानं खोडतो ते बघा, एक बटही तुटत नाही. मग फोन येतो : साहेबांचा फोटो मोठा घे. तो घेतो. पुन्हा फोन येतो : मोठ्या साहेबांपेक्षा मोठा नको. तो पुन्हा लहान करतो. पक्षातली उतरंड इथे माउसनं मोजली जाते.

जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, ३० जूनला ठाण्याचेच एकनाथ शिंदे मुख्यमंत्री झाले. इथे एका मजल्यावर समोरासमोरच्या दोन घरांत दोन गट झाले. ऑक्टोबरात निवडणूक आयोगानं धनुष्यबाण गोठवला. ठाकरे गटाला मशाल मिळाली, शिंदे गटाला ढाल-तलवार. फेब्रुवारी २०२३ मध्ये पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाकडे गेले. दर वेळी याच पडद्यावर वरची रांग पुसली गेली आणि नव्यानं मांडली गेली. ठाण्यातले शिवसेनेचे दिवंगत नेते आनंद दिघे यांचा फोटो मात्र दोन्हीकडच्या फ्लेक्सवर राहिला.

त्या दिवसांत मी जो लेख लिहिला त्याचा नायक कुणी पुढारी नव्हता. असाच एक डिझाइन करणारा मुलगा होता. कोण कुठल्या गटात गेला हे त्याला वर्तमानपत्राच्या आधी कळायचं, कारण फ्लेक्सची ऑर्डर आधी त्याच्याकडे यायची.

[दृश्य : दुकानाबाहेर. दोन मुलं गुंडाळलेला फ्लेक्स स्कूटरवर आडवा धरून निघतात.]

फ्लेक्सवरच्या शुद्धलेखनावर कोट्या करणं फार सोपं आहे. 'हार्दीक' दिसलं की लोक फोटो काढून एकमेकांना पाठवतात. मी तसलं लिहीत नाही. ज्या मुलानं तो मजकूर घाईघाईत टाइप केला त्याला हसून कुणाच्या खुर्चीला धक्का लागतो? हसायचं तर वरच्या रांगेला. खालची रांग उन्हातान्हात उभी असते, खटले अंगावर घेते, आणि निवडणूक संपली की तिला कुणी विचारत नाही.

[दृश्य : स्वयंपाकघरातलं टेबल. वही, बॉलपेन. पानावर काट मारलेल्या ओळी, जवळून.]

पहिला खर्डा मी वहीतच लिहिते. मग मोठ्यानं वाचते. जीभ जिथे अडखळते तिथे काट. हे पान बघा. ओळ अशी आहे :

'फुटपाथचं भूमिपूजन झालं, सुशोभीकरण झालं, लोकार्पण झालं. आता फुटपाथ तेवढा व्हायचा राहिलाय.'

याच्यापुढे आणखी एक वाक्य होतं, उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यांच्या पोटावर. घरात वाचलं तेव्हा त्यालाच जास्त हसले सगळे. तरी काढलं. पोट, रंग, जात, बोलण्याची ढब यावर हशा मिळतो, पण त्या हशात फुटपाथ विसरला जातो. माझी एक परीक्षा असते : नेत्याचं नाव काढायचं आणि नुसतं पद ठेवायचं. तरीही वाक्य चिमटा काढत असेल तर ते ठेवण्यासारखं. नावाशिवाय कोसळत असेल, तर त्यात विनोद नव्हता, राग होता. राग मलाही येतो, रोज येतो. तो वहीत राहू दे, छापायला वाक्य लागतं.

[दृश्य : ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय. कपाटं, जुन्या बांधणीचे अंक. मग तलावपाळी, गडकरी रंगायतनची पाटी.]

हे ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, वि. ल. भावे यांनी उभं केलेलं. एकोणिसाव्या शतकात ठाण्यातून 'हिंदुपंच' नावाचं विनोदी साप्ताहिक निघत असे, म्हणजे सत्तेला कोपरखळी मारायची इथली सवय इंग्रजांच्या काळापासूनची. तलावाकाठच्या नाट्यगृहाला ज्यांचं नाव दिलंय ते राम गणेश गडकरी 'बाळकराम' या नावानं विनोद लिहीत. आणि १९६० मध्ये निघालेलं 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिकच होतं. त्यातून १९६६ मध्ये शिवसेना उभी राहिली आणि १९६७ मध्ये तिला पहिली सत्ता मिळाली ती ठाण्याच्या नगरपालिकेत. ज्या शहराच्या राजकारणाची पाळंमुळं व्यंगचित्रात आहेत, त्या शहरानं तरी थट्टा करणाऱ्याला शत्रू समजू नये, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य : जुनी कात्रणं, एकावर एक. निवेदन थोडं द्रुत.]

समजलं जातं. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरला, तेव्हा ते ठाणे जिल्ह्यातच होतं, फेसबुकवरच्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यात वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानं मार्च २०१५ मध्ये रद्द केलं. माझं सदर एका वृत्तपत्रानं मधेच थांबवलं. आता मी लेख छापून घेते आणि कट्ट्यावर वाचते.

[दृश्य : महापालिका मुख्यालय, बाहेरून. मग वॉर्डातलं तुंबलेलं गटार, रस्त्यावर आलेलं पाणी. काही क्षण निवेदन नाही.]

२०१७ च्या निवडणुकीत ठाणे महापालिकेत ३३ प्रभागांतून १३१ नगरसेवक निवडून आले. बहुतेक प्रभागांत चौघे. मतदारानं चार बटणं दाबायची, आणि गटार तुंबलं की चौघांपैकी कुणाला फोन करायचा ते स्वतःच ठरवायचं. २०२२ मध्ये मुदत संपली, निवडणूक झाली नाही, प्रशासक आले. मग वर्षानुवर्षं फ्लेक्सवर दोनच प्रकारची माणसं दिसत राहिली : माजी आणि भावी. आजी कुणीच नाही. पाणी मात्र आजच तुंबलेलं. प्रशासकाचा फ्लेक्स लागत नाही, म्हणून त्या काळात मी फ्लेक्स सोडून नोटिसा, निविदा आणि कामाच्या ठिकाणचे फलक वाचायला लागले. त्यावर कामाची रक्कम असते, मुदत असते, ठेकेदार असतो. फक्त हसणारा चेहरा नसतो.

[दृश्य : संध्याकाळचा कट्टा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, ज्येष्ठ श्रोते. लेखिका वाचतेय. हशा.]

फुटपाथचा तो लेख इथे वाचला. दुसऱ्या रांगेत एक माजी नगरसेवक बसले होते. हसले, आणि वाचन संपल्यावर उठून माझ्याकडे आले.

"ताई, लेख छान. पण तो फुटपाथ माझ्या काळातला नाही हं. त्याची वर्क ऑर्डर नंतर निघालीय."

मी विचारलं, तारीख आहे का? त्यांनी चष्मा लावला, मोबाइलमध्ये शोधलं आणि माझ्या वहीत स्वतःच्या हातानं तारीख लिहून दिली. खाली कामाची रक्कमही लिहिली. रक्कम वाचून आजूबाजूचे पुन्हा हसले. या वेळी तेही हसले.

आता त्या कामाची कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मागवली आहेत. आली की पुढचा लेख.