वंटमुरी घाटात 55 टनांचा इलेक्ट्रिक ट्रक

[दृश्य: कोगनोळी टोलनाका. घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक), मागे ट्रेलर, वर ताडपत्रीखाली माल.]

कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून बेळगावातल्या उद्यमबागच्या फौंड्रीसाठी माल भरला की बेळगावपर्यंत दोन चढ गाडीचा कस बघतात. एक निपाणीपुढचा तवंदी घाट, दुसरा हत्तरगीपुढचा वंटमुरी. याच रस्त्यावर इलेक्ट्रिक घोड्याची ताकद चाकामागे बसून कशी जाणवते, ते पाहू.

[दृश्य: केबिन. चावी, डॅशबोर्ड, हवेचे काटे.]

चावी फिरवली तरी सीट थरथरत नाही. पहिला आवाज येतो तो एअर कॉम्प्रेसरचा. तो मोटरवर चालतो, त्यामुळे हवा भरली की आपोआप बंद पडतो. हवेच्या दाबाचे दोन्ही काटे 8 बारच्या पुढे गेल्याशिवाय हँडब्रेक सोडायचा नाही. हा नियम डिझेलमध्ये आहे तसाच इथेही. डिझेलचा घरघराट नसल्याने बाकीचे आवाज मात्र उघडे पडतात: घोडा-ट्रेलर जोडणाऱ्या कपलिंगची खटखट, ढिल्या साखळीचा आवाज, टायरमध्ये अडकलेला दगड. सरावलेला चालक यावरून ट्रेलरची तब्येत ओळखतो.

[दृश्य: वंटमुरीचा चढ. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर.]

गळीत हंगामात चढावर थांबावं लागणं ठरलेलंच. डिझेल गाडीत इथे हाफ क्लच, रेस आणि क्लच प्लेट जळाल्याचा वास. इलेक्ट्रिक मोटरचा पूर्ण टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, मात्र शून्य वेगापासून मिळतो. हिल होल्ड, म्हणजे चढावर ब्रेक आपोआप धरणारी सोय, गाडी धरून ठेवतं. पेडल बोटभर दाबलं की ट्रेलर ताणला जातो आणि 55 टन सरकू लागतात. मागे ओघळणं नाही, धक्का नाही.

आता हिशेब. 20 मीटरला 1 मीटर असा चढ धरा. साधारण 280 अश्वशक्तीची डिझेल गाडी पूर्ण भाराने तो 22-23 च्या वेगाने चढते. 350 किलोवॅटची, म्हणजे 470 अश्वशक्तीची मोटर तीच गाडी 38 पर्यंत नेते. युरोपातल्या व्होल्वो एफएच इलेक्ट्रिकची ताकद तर 490 किलोवॅट आहे. पण ही ताकद फुकट येत नाही: पूर्ण जोर लावल्यावर मिनिटाला जवळपास 6 युनिट वीज जाते. सपाटीवर किलोमीटरला दीड युनिट लागत असेल, तर अशा चढावर 9 लागतात. शिवाय मोटरचा कमाल जोर थोडाच वेळ टिकतो. मोटर, इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला पुरवणारा भाग) किंवा बॅटरी तापली की संगणक ताकद कापतो आणि डॅशबोर्डवर कासवाचं चिन्ह लागतं. ते भर चढावर, पाठीमागे रांग असताना लागणं वाईट. म्हणून पायथ्यापासून पेडल तळाला टेकवायचं नाही. तीन चतुर्थांशावर धरलं तर माथ्यापर्यंत ताकद एकसारखी राहते. मागच्या टायरांची झीजही कमी होते.

[दृश्य: परतीचा प्रवास. काकतीहून उत्तरेकडे.]

खरी कसोटी उताराची आहे, आणि या गाडीचं मोठेपण आम्हाला तिथेच जास्त वाटतं. पेडलवरून पाय उचलला की मोटर उलट वीज बनवू लागते आणि गाडी आवळली जाते. यालाच रिजन म्हणतात. 55 टन 100 मीटर खाली उतरले की सुमारे 15 युनिट ऊर्जा मोकळी होते. त्यातली निम्म्याहून जास्त बॅटरीत परत येते. ब्रेक लायनर थंड राहतात.

पण याच 5 टक्के उतारावर 30 च्या वेगाने गाडी धरायला साधारण 200 किलोवॅट वीज कुठेतरी जायला हवी. बॅटरी भरलेली असेल तर ती घेणार कोण? बेळगाव उंचावर आहे. तिथे 100 टक्के चार्ज करून निघालात, तर वंटमुरीचा माथा वीसेक किलोमीटरवर येतो आणि तोवर फार तर 30 युनिट खर्च होतात. रिजन ऐन उतारावर कमी पडतं आणि सगळा भार एअर ब्रेकवर येतो. म्हणून उत्तरेकडे भरल्या गाडीने जाताना 80-85 टक्क्यांवर चार्जिंगची गन काढा. तसंही 80 च्या पुढे चार्जिंग मंदावतंच.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारायची सवय इथे दुहेरी घातक: वीजही जाते, पकडही जाते.

[दृश्य: पाऊस. रिकामा ट्रेलर, ट्रॉल्यांनी आणलेला चिखल.]

पावसाळ्यात एक गोष्ट कटाक्षाने पाळा. रिजन फक्त घोड्याच्या मागच्या चाकांना आवळतं, ट्रेलरच्या चाकांना नाही. गाडी रिकामी, रस्ता ओला आणि रिजन पूर्ण असेल, तर ती चाकं घसरतात आणि ट्रेलर मागून ढकलत घोड्याला आडवा करू पाहतो. चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसला घसरण कळली की ते रिजन तोडतं. चालकाला मात्र ब्रेक अचानक सुटल्यासारखं वाटतं. त्यामुळे ओल्या उतारावर शिरण्याआधीच स्टिअरिंगजवळची दांडी ओढून रिजन सर्वांत खालच्या टप्प्यावर आणा, वेग सपाटीवरच उतरवा आणि पुढे एअर ब्रेक हलका दाबत उतरा. त्यात ट्रेलरची चाकंही धरली जातात.