बुडबुडे थांबले की सिस्टर वळते

श्रोतेहो, नमस्कार.

ज्यांच्या घरी माशांची टाकी आहे, त्यांना तिच्यामागचा तो छोटा पंप ठाऊक असेल. दिवसा त्याची आठवणही होत नाही. रात्री टीव्ही बंद झाला की मात्र घुर्र घुर्र ऐकू यायला लागतं. स्वस्तातली वस्तू आहे, पण तिचा एक गुण असा की ती महिनोन्‌महिने न थांबता चालते, कारण ती त्याचसाठी बनवलेली असते. पंप थांबला तर मासे मरतील. आजचं बोलणं या पंपाबद्दल आहे, आणि त्याला रुग्णालयात नेणाऱ्या माणसांबद्दलही.

अमेरिकेत टेक्सास राज्यात ह्यूस्टन शहर आहे. तिथल्या राइस विद्यापीठात ‘राइस ३६०’ नावाचा उपक्रम चालतो. जिथे डॉक्टर कमी, वीज बेभरवशाची आणि पैसा तुटपुंजा, अशा ठिकाणी चालतील अशी उपकरणं विद्यार्थ्यांकडून घडवून घ्यायची, असं या उपक्रमाचं काम. तो उभा केला दोन बायकांनी, रिबेका रिचर्ड्स-कॉर्टम आणि मारिया ओडेन यांनी. दोघी इंजिनिअर, दोघी प्राध्यापक. त्यांच्या विद्यार्थ्यांची कार्यशाळा २००९ साली सुरू झाली ती विद्यापीठाच्या जुन्या भटारखान्याच्या इमारतीत. म्हणून तिला आजही ‘डिझाइन किचन’ म्हणतात. पूर्वी तिथे शेकडो पोरांचा स्वयंपाक व्हायचा, आता करवती आणि सोल्डरिंगच्या सळया आहेत.

तिथल्या एका जोडीने सॅलडची पानं धुऊन निथळायचा प्लास्टिकचा डबा घेतला आणि त्याचं रक्त फिरवायचं यंत्र केलं. हाताने दहा मिनिटं फिरवायचं, की नळीतल्या तांबड्या पेशी खाली बसतात आणि ॲनिमिया आहे का ते कळतं. वीज लागत नाही. छान कल्पना आहे, पण आज तिच्यावर थांबत नाही. मला माशांच्या पंपाकडे जायचंय.

त्यासाठी आधी आफ्रिकेत जावं लागेल. मलावी देश, ब्लँटायर शहर, क्वीन एलिझाबेथ मध्यवर्ती रुग्णालय. सरकारी, मोठं आणि कायम भरलेलं. तिथे डॉ. एलिझाबेथ मॉलिन्यू या बालरोगतज्ज्ञ होत्या. जन्माने ब्रिटिश, पण कामाची कितीतरी वर्षं मलावीत गेलेली. ह्यूस्टनच्या प्राध्यापकांनी त्यांना ‘तुम्हाला आम्ही काय बनवून देऊ?’ असं विचारण्याआधी त्यांचा वॉर्ड पाहिला. हा क्रम लक्षात ठेवा, श्रोतेहो. आधी वॉर्ड पाहिला, मग कागदावर रेघ ओढली.

वॉर्डात दिसलं काय? अपुऱ्या दिवसांची बाळं. सातव्या-आठव्या महिन्यात जन्मलेली. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातायत, नाकपुड्या फुलतायत, प्रत्येक श्वास सोडताना कण्हल्याचा आवाज येतोय. फुफ्फुसातले फुगे आतून एका स्निग्ध द्रव्याने उघडे राहतात. ते द्रव्य या बाळांत अजून पुरेसं तयार झालेलं नसतं. मग प्रत्येक श्वास सोडला की फुगे मिटतात आणि पुढच्या श्वासाला पुन्हा पहिल्यापासून फुगवावे लागतात. नवा कोरा फुगा फुगवताना पहिल्या फुंकरीला गाल दुखतात ना, तशी फुंकर या बाळाला दर मिनिटाला साठ-सत्तर वेळा मारायची असते. काही तासांत ते थकतं आणि श्वास थांबतो. हा आजार गरिबाघरचाच आहे असंही नाही. १९६३ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा, पॅट्रिक, जन्मल्यावर दोन दिवसांच्या आत याच आजाराने गेला. तेव्हा कुणाकडेच उपाय नव्हता.

उपाय १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जॉर्ज ग्रेगरी या डॉक्टरांनी दाखवला. बाळाच्या श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवायचा, म्हणजे फुगे पूर्ण मिटतच नाहीत. याला सीपॅप म्हणतात. त्याचा सगळ्यात साधा अवतार म्हणजे बबल सीपॅप.

आत्ता हाताशी पेला असेल तर घ्या. पाणी भरा, स्ट्रॉ सहा सेंटीमीटर बुडवा आणि फुंका. पहिला बुडबुडा येण्यासाठी जेवढा जोर लागला, तेवढाच दाब. स्ट्रॉ पाच सेंटीमीटर बुडवली तर दाब पाच, आठ बुडवली तर आठ. बाळाच्या नाकाला दोन छोट्या नळ्या, एका बाजूने हवा येते, दुसऱ्या बाजूची नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली. दाब किती द्यायचा, तर नळी जेवढी बुडवाल तेवढा. पुन्हा सांगते, नळी जेवढी बुडवाल तेवढा. घड्याळ नको, काटा नको.

मग अडचण कुठे होती? हवेत.

तुम्ही म्हणाल, हवा तर सगळीकडे आहे. आहे, पण ढकलणारं कुणी हवं. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत ऑक्सिजन आणि दाबाची हवा भिंतीतल्या पाइपमधून येते, तोटी फिरवली की सुरू. ब्लँटायरच्या वॉर्डात फार तर ऑक्सिजनचं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं यंत्र, मिळायचं. नुसता ऑक्सिजनच जोरात सोडू, तर तेही चालत नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला जास्त ऑक्सिजन दिला तर डोळ्यांच्या पडद्यावर वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या वाढतात, दृष्टी जाऊ शकते. म्हणून ऑक्सिजनमध्ये साधी हवा मिसळायची आणि बोटाच्या चिमट्यावर रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा नव्वद ते पंच्याण्णवच्या दरम्यान ठेवायचा. शंभर दिसला की घरची माणसं खूश होतात, पण या बाळाच्या बाबतीत शंभर म्हणजे ऑक्सिजन कमी करा. तयार यंत्र तेव्हा सहा हजार डॉलरला पडत होतं.

हा प्रश्न ह्यूस्टनला शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांच्या एका गटाच्या हातात आला. (आपल्याकडे शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत मिळतो, बाइंडिंगसकट. विकणाऱ्यांपेक्षा मला राग येतो तो तो प्रोजेक्ट न उघडता सही करणाऱ्यांचा. असो, विषय तो नाही.)

मुलांनी हवा ढकलणाऱ्या वस्तू शोधल्या. पंप स्वस्त हवा, रात्रंदिवस चालणारा हवा, आवाज कमी हवा, आणि पाण्याखाली सहा-आठ सेंटीमीटर हवा ढकलण्याइतका दम त्यात हवा. आता हेच वर्णन पुन्हा ऐका. पाण्याखाली हवा ढकलायची, रात्रंदिवस, स्वस्तात. हे तर माशांच्या दुकानात मिळतं! टाकी फूट-दीड फूट खोल असते. बाळासाठी सहा सेंटीमीटर म्हणजे त्या पंपाला खेळ.

एका पंपाने हवा पुरत नव्हती, म्हणून दोन घेतले. सोबत हवेचा आणि ऑक्सिजनचा प्रवाह मोजायच्या उभ्या नळ्या, ज्यांत छोटी गोळी वर-खाली होते. बाटलीत पाणी आणि बाजूला सेंटीमीटरच्या खुणा. हे सगळं बसवायचं कशात? दुकानातून बुटं ठेवायचा प्लास्टिकचा पारदर्शक डबा आणला. त्याला भोकं पाडली, नळ्या ओवल्या, झाकण लावलं. सगळं मिळून सुमारे एकशे साठ डॉलर. सहा हजारांच्या जागी एकशे साठ.

हा डबा बघून कुणीही हसलं असतं. म्हणून त्यांनी तो अमेरिकेत रोज वापरल्या जाणाऱ्या यंत्राशेजारी ठेवला आणि दोन्हींचा दाब, दोन्हींचा प्रवाह मोजला. दोन्ही सारखे निघाले. डब्यातल्या माशांच्या पंपांचा आणि महागड्या यंत्राचा दाब सारखा! पाण्याला किंमत कळत नाही, खोली कळते.

मग तो डबा मलावीला गेला, आणि तिथे तो सिस्टरांच्या हाती पडला. पुढची सुधारणा त्यांनी शिकवली.

पहिली गोष्ट, नाकातल्या नळ्या. लहान मापाच्या असल्या तर बाजूने हवा सुटते, दाब टिकत नाही. मोठ्या असल्या तर नाकपुडीची कातडी पांढरी पडते, पुढे जखम होते. नळी नाकाच्या मधल्या पडद्याला टेकता कामा नये, दोनेक मिलिमीटर जागा मोकळी राहायला हवी. दुसरी गोष्ट, नळ्या जागेवर ठेवायच्या कशा? बाळाला घट्ट टोपडं घालायचं, नळ्या टोपड्याच्या दोन्ही बाजूंना पिना आणि रबरबँडने अडकवायच्या. टोपडं सैल असलं की बाळाने मान वळवताच नळी निसटते. प्रत्येक मापाचं टोपडं हाताशी हवं. तिसरी गोष्ट, पोट. नाकातली हवा पोटातही जाते, पोट फुगून छातीला दाबतं. म्हणून तोंडातून पोटात एक बारीक नळी घालायची आणि तिचं वरचं टोक उघडं ठेवायचं. चौथी गोष्ट, वाफ. नळीत बाष्पाचं पाणी साचतं आणि नळी जिथे झोल खाते तिथे ते बसून राहतं. बाटलीत बुडबुडे तर येतात, पण दाब ठरवल्यापेक्षा भलताच वाढतो. नळी उचलून पाणी ओतून टाकायचं, रोज, अनेकदा.

आणि आता ती गोष्ट, जिच्यासाठी हा सगळा पाढा वाचला. बुडबुडे. मोठ्या वॉर्डात एका सिस्टरच्या वाट्याला कितीतरी बाळं. ती पाठमोरी, दुसऱ्या बाळाचं औषध मोजतेय. हवेची गळती झाली, बाळाने तोंड उघडलं किंवा नळी निसटली, की बाटलीतले बुडबुडे थांबतात. गुडगुड बंद. खोली एकदम शांत झाली की ती वळते. किर्र आवाज करणारा अलार्म लागत नाही, बॅटरी लागत नाही. मात्र एक धोका सांगायलाच हवा, आणि तो दोनदा सांगते. बुडबुडे येतायत म्हणून निर्धास्त व्हायचं नाही. नाक शेंबडाने बंद असलं तरी हवा सरळ बाटलीत जाते आणि बुडबुडे मस्त येत राहतात. बुडबुडे थांबले तर नक्की काही बिघडलंय, पण बुडबुडे चालू आहेत म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. छाती बघायची, बोटावरचा आकडा बघायचा, नाक साफ करायचं.

मलावीतल्या चाचणीत डॉ. कोंडवानी कवाझा, मॉलिन्यू आणि सहकाऱ्यांनी सत्त्याऐंशी बाळं पाहिली. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. यंत्र मोकळं असेल तर ते, नसेल तर नुसता नाकातून ऑक्सिजन. बासष्ट बाळांना यंत्र मिळालं, त्यातली चव्वेचाळीस जगली, म्हणजे ७१ टक्के. पंचवीस जणांना नुसता ऑक्सिजन, त्यातली अकरा जगली, ४४ टक्के. अपुऱ्या फुफ्फुसांच्या बाळांचं वेगळं गणित काढलं, तेव्हा फरक आणखी मोठा दिसला. यंत्रावर ६४.६ टक्के, ऑक्सिजनवर २३.५ टक्के. २०१४ साली हे प्रसिद्ध झालं.

पुढे तो बुटांचा डबा राहिला नाही. कॅलिफोर्नियातल्या थर्ड स्टोन डिझाइन या कंपनीने त्याचं धडधाकट यंत्र केलं. नाव ठेवलं ‘पुमानी’. मलावीतल्या चिचेवा भाषेत पुमानी म्हणजे निवांत श्वास घ्या. विद्यार्थ्यांच्या डब्यापेक्षा महाग, तरी तेव्हाच्या तयार यंत्राच्या कितीतरी खाली. मलावीच्या सरकारी रुग्णालयांत ते पसरलं.

आणि तिथे एक धडा मिळाला. जिल्ह्याजिल्ह्यात यंत्र गेलं, तेव्हा दिसलं की जी बाळं थंड पडलेली होती, त्यांना यंत्राचा फायदा कमी होत होता. हातपाय गार असलेल्या बाळाला तुम्ही कितीही नेमका दाब द्या, त्याची ताकद अंग गरम ठेवण्यातच संपते. आधी अंग पुसा, टोपडं-मोजे घाला, आईच्या उराशी धरा, काखेत तापमान बघा. साडेछत्तीसच्या खाली असेल तर आधी ऊब. हे आपल्या आजीला ठाऊक होतं. कुंची उगाच नव्हती. (आजकाल फोटो चांगला यावा म्हणून बाळाला बिनबाह्यांचा झबला घालतात. फोटो दहा मिनिटं थांबू शकतो.)

म्हणून मग एकट्या यंत्राचा नाद सोडला. ऊब, श्वास, कावीळ, जंतुसंसर्ग, साखर, सगळ्यांची साधनं एकत्र, सोबत परिचारिकांचं प्रशिक्षण आणि दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ. या संचाचा प्रकल्प म्हणजे ‘नेस्ट ३६०’. मलावी, केनिया, टांझानिया, नायजेरिया अशा देशांत. मलावीतून त्यात बालरोगतज्ज्ञ डॉ. क्वीन डुबे यांचं नाव ठळक. २०१७ साली हाच विचार घेऊन हे लोक मॅकआर्थर प्रतिष्ठानच्या दहा कोटी डॉलरच्या स्पर्धेत अंतिम चौघांत पोहोचले आणि हरले. पण हरणाऱ्यांनाही दीड-दीड कोटी डॉलर मिळाले. त्याआधी २०१३ साली रिचर्ड्स-कॉर्टम आणि ओडेन यांना लेमेल्सन-एमआयटी पुरस्काराचे एक लाख डॉलर मिळाले होते, ते दोघींनी ब्लँटायरच्या त्याच रुग्णालयाच्या नवजात बाळांच्या नव्या वॉर्डासाठी देऊन टाकले.

दुरुस्तीबद्दल मात्र दोन शब्द जास्त बोलते. गरीब देशांतल्या वैद्यकीय यंत्रांपैकी सुमारे ४० टक्के बंद पडलेली असतात. कारणं बहुतेक क्षुल्लक. फ्यूज मिळत नाही, प्लगचा आकार वेगळा, व्होल्टेज उड्या मारतं, पुस्तिका भलत्याच भाषेत. रिबन कापताना फोटो निघतो, फ्यूज बदलताना निघत नाही. आपल्याकडेही रुग्णालयाच्या जिन्याखाली कव्हर घातलेलं यंत्र दिसलं, तर विचारा की त्याचा सुटा भाग कुठे मिळतो. उत्तर नसेल तर ते यंत्र नव्हे, फर्निचर. ब्लँटायरच्या पॉलिटेक्निकमध्ये म्हणूनच राइसच्या जोडीने विद्यार्थ्यांची कार्यशाळा उभी राहिली. जिथे यंत्र बिघडणार, तिथेच ते उघडू शकणारी मुलं हवीत.

आपल्या जिल्हा रुग्णालयांतल्या नवजात बाळांच्या विभागातही बबल सीपॅप दिसतो. कुणाचं नातवंड तिथे असेल आणि आत जायला मिळालं, तर त्या बाटलीकडे बघा. बाहेर खुणा असतात. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणारीला त्या खुणेवर बोट ठेवून सांगते, ‘सहावर आहे, सकाळी पाणी भरलंय, नाक चारला साफ केलंय.’ येणारी वाकून स्वतः एकदा पाणी बघते, मग टोपड्याची पिन, आणि मगच सही करते.

नमस्कार.