डोंगल वाकलं आणि छापखाना थांबला

अध्यक्ष महाराज आणि मंडळी, रविवारी सकाळी इंदूरचा माणूस पोहे-जिलबी सोडून संगणकावर व्याख्यान ऐकायला येतो, म्हणजे एकतर विषय चांगला असावा किंवा पोहे इथेच मिळणार असावेत. असो. विषय आहे, मूठभर लोक वापरतात त्या संगणक प्रणालींवर ओपन सोर्स का हवं, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, सोर्स, कुणालाही वाचता-बदलता येईल असा खुला का हवा. मूठभर म्हणजे किती, हे इंदुरातल्या मराठी माणसाला मी काय सांगणार!

माझ्या मेव्हण्याचा राजवाड्यामागे छापखाना. लग्नपत्रिका, स्मरणिका, कुणाची वंशावळ, सगळं डॉसवरच्या, म्हणजे विंडोजआधीच्या जुन्या प्रणालीवरच्या, एका मराठी प्रोग्राममध्ये. प्रोग्राम रोख पैसे मोजून घेतलेला, सोबत एक डोंगल, प्रोग्रामची किल्लीच म्हणा. ते प्रिंटरच्या पोर्टला लावायचं, नाहीतर प्रोग्राम उघडायचाच नाही. दिवाळीच्या साफसफाईत पोरानं संगणक ओढला, डोंगलची पिन वाकली. पुढे तुळशीचं लग्न, म्हणजे पत्रिकांचा हंगाम! कंपनीचा फोन लागेना. लिहिणारा गृहस्थ शोधून काढला, तर तो आता बँकेत. म्हणाला, सोर्स जुन्या हार्ड डिस्कवर होता, ती भंगारात गेली. अक्षरांचं कोडिंगही त्यांचं स्वतःचं, त्यामुळे फाइल दुसरीकडे उघडली की नुसता चिवडा. वधूपिता दुकानात उभा. त्याला डोंगल समजावून सांगा बघू! सगळा मजकूर पुन्हा टाईप केला. मेव्हणा अजून म्हणतो, ‘‘भाऊजी, चोरीचा असता तर चालला असता हो!’’ हसू नका, खरं आहे ते. कुलूप पैसे भरणाऱ्यालाच होतं.

आणि डॉसची अडचण नव्हतीच. मायक्रोसॉफ्ट डॉस गुंडाळणार म्हटल्यावर जिम हॉल यांनी १९९४ मध्ये फ्रीडॉस हा डॉसचा खुला पर्याय सुरू केला, तो आजही मिळतो. आमचा प्रोग्राम त्यावर सुरू होतो आणि डोंगल मागतो.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? मुख्य मुद्दा तर राहिलाच. भराभर सांगतो.

विंडोजवर एक प्रोग्राम मेला तर दुसरे चार असतात. अमिगा किंवा रिस्क ओएस अशा मूठभरांच्या प्रणालीवर एका कामाला एकच प्रोग्राम आणि त्याला एकच लेखक. तो गेला की काम गेलं. बीओएस ही तशीच एक प्रणाली बघा. २००१ मध्ये तिची कंपनी पाम या दुसऱ्या कंपनीनं घेतली, सोर्स बंदच राहिला. त्याच वर्षी स्वयंसेवकांनी नव्यानं लिहायला घेतलं, तेच आजचं हायकू. पहिला बीटा, म्हणजे चाचणीची आवृत्ती, यायला २०१८ उजाडलं. एवढी वर्षं कशात गेली? जे होतं तेच पुन्हा लिहिण्यात!

उलट नेटसर्फ. २००२ मध्ये रिस्क ओएससाठी सुरू झालेला ब्राउझर, पण सोर्स खुला. म्हणून तो अमिगावर गेला, हायकूवर गेला. खुद्द रिस्क ओएसचा सोर्सही २०१८ मध्ये अपाची या खुल्या लायसन्सखाली आला.

पोटाचं काय, असं कुणीतरी विचारणारच. विका की, जरूर विका! पण दुकान बंद करताना सोर्स सोडून जा. या हॉलमध्ये दोघा-तिघांनी असे प्रोग्राम लिहिलेत, मला ठाऊक आहे. सोर्स टाकाल तेव्हा लायसन्सची फाइलही टाका. नुसतं ‘फुकट’ लिहून दुसऱ्याला त्यात हात घालायचा हक्क मिळत नाही. जीपीएल की अपाची, कुठलं खुलं लायसन्स बरं, ते भांडण प्रश्नोत्तरांत करू, अध्यक्ष उठून उभे राहिलेत.