एका बोटाने दाखव

श्रोतेहो, नमस्कार.

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. पोटात काही नाही." हे शब्द ऐकून कुठल्याही आईला हायसं वाटायला हवं. मी ते चौथ्यांदा ऐकले आणि दवाखान्याबाहेरच्या बाकड्यावर बसून रडले. शेजारी माझी चौदा वर्षांची लेक बेंबीच्या उजव्या बाजूला तळहात घट्ट दाबून, पुढे वाकून बसली होती. काही नाही, तर मग हे काय होतं?

तिचं पोट दुखायला लागलं त्याला तेव्हा वर्ष होऊन गेलं होतं. सुरुवातीला सगळं ठरल्याप्रमाणे झालं. जंतांचं औषध, ॲसिडिटीच्या गोळ्या, मग रक्त, लघवी, सोनोग्राफी. सोनोग्राफीच्या कागदावर लिहिलं होतं, की आतड्यांच्या पडद्यातल्या लसीकाग्रंथी किंचित मोठ्या दिसतात. त्या एका ओळीने घरातल्या कुणालाही पंधरा दिवस झोप लागली नाही. अशा ग्रंथी धडधाकट मुलांच्या सोनोग्राफीतही पुष्कळदा दिसतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. कागद हातात देताना कुणी तेवढं एक वाक्य बोललं असतं तर!

आणि मग हळूहळू लोकांचे सूर बदलले. शाळा बुडवायला बरं निमित्त सापडलंय, असं कुणी म्हणालं. लाडावून ठेवलीय, असं कुणी. परीक्षेच्या दिवशी सकाळी ती अंथरुणात मुटकुळं करून पडली होती, तेव्हा मीसुद्धा म्हणाले, "आता पुरे कर." तिने उत्तर दिलं नाही. उठली, तोंड धुतलं, गेली पेपरला. त्यानंतर दोन-अडीच महिने तिने पोटाचं नावच काढलं नाही. मला वाटलं, बरी झाली. ती बरी झाली नव्हती, तिने सांगणं सोडलं होतं. आज मी तुमच्याशी बोलते आहे ती या अडीच महिन्यांमुळे.

आमचं घर यात एकटं नव्हतं, हे नंतर वाचताना समजलं. जॉन ॲप्ली नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञांनी सहकाऱ्यासोबत शाळेतल्या 1000 मुलांची पाहणी करून 1958 साली ती प्रसिद्ध केली. किमान तीन महिन्यांच्या काळात निदान तीनदा, रोजचे व्यवहार अडावेत इतकं पोट दुखणारी मुलं त्यांना दर दहांत साधारण एक सापडली. त्यातल्या बहुतेकांच्या पोटात दाखवता येण्याजोगा आजार मिळाला नाही. पण त्यांचं दुखणं खोटं होतं, असा याचा अर्थ नाही. आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचं स्वतंत्र जाळं असतं, दहा कोटींहून जास्त पेशींचं, आणि त्याचं मेंदूशी सतत बोलणं चालू असतं. कधी एखाद्या जुलाबाच्या आजारानंतर, कधी ताणाच्या काळात, तर कधी काही कारण न सापडताही हे जाळं हळवं होऊन बसतं. मग साधा वायू सरकला तरी कळ येते. कॅमेऱ्याला आतडं स्वच्छ दिसतं, कारण हळवेपणा कॅमेऱ्यात येत नाही. डॉक्टर याला 'फंक्शनल' दुखणं म्हणतात. हे खरं निदान आहे, ते लक्षणांवरून करता येतं आणि त्यावर इलाजही आहेत. 'काही सापडलं नाही म्हणून' नाइलाजाने चिकटवायची ती चिठ्ठी नव्हे. जे डॉक्टर हे नीट बसून समजावतात, त्यांच्याकडून मूल निम्मं हलकं होऊन बाहेर पडतं, हे मी इतर आयांकडून ऐकलं आहे.

पण श्रोतेहो, त्या निदानावर यायच्या आधी काही गोष्टी विचारल्या गेल्याच पाहिजेत. वजन घटतंय का? उंची वाढायची थांबली आहे का, वयात येणं लांबलं आहे का? शौचावाटे रक्त जातं का? रात्री दुखण्याने किंवा जुलाबाने झोपेतून जाग येते का? वारंवार उलट्या, विशेषतः हिरव्या उलट्या, कारण न कळणारा ताप, सांधे सुजणं, तोंडात पुन्हा पुन्हा येणारे फोड, गिळताना अडकणं, गुदद्वाराजवळ गळू किंवा चिरा. घरात कुणाला आतड्यांच्या सुजेचा आजार किंवा सिलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार, आहे का? यातलं एक जरी 'हो' असेल तर थांबू नका. आणि पोट अचानक प्रचंड दुखून कडक झालं, तर दुखण्याच्या नोंदींची वही-बिही काढत बसू नका, सरळ तातडीच्या विभागात जा.

तपासण्यांबद्दल दोनच गोष्टी सांगते, कारण बाकीच्या डॉक्टर सांगतीलच. शौचातल्या कॅलप्रोटेक्टिन नावाच्या प्रथिनाची एक साधी तपासणी असते. आतड्याला सूज आहे का, याचा अंदाज तिच्यातून येतो आणि पुष्कळदा दुर्बिणीची तपासणी टळते. दुसरी गोष्ट सिलिॲकची. त्या आजाराच्या रक्ततपासणीआधी गहू बंद करू नका. आम्ही कुणाच्या तरी सल्ल्याने दोन महिने बंद केला होता. गहू पोटात जात नसेल तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मग आम्हाला सगळं पुन्हा सुरू करून, काही आठवडे थांबून तपासणी करावी लागली.

आणि एक विनंती मुलींच्या आयांना. दुखणं पाळीच्या तारखांशी जुळतंय का, हे लिहून ठेवा. पाळीत दुखायचंच, असं म्हणून एंडोमेट्रिओसिससारखा आजार, ज्यात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात, वर्षानुवर्षं मागे पडतो. बद्धकोष्ठतेचंही तसंच. चौदा-पंधराची मुलं संडासाबद्दल आईशी बोलत नाहीत, आणि रोज जाऊन येतात म्हणजे पोट साफ असतं असंही नाही.

आमच्याकडे गाडं पुढे सरकलं ते एका वहीमुळे. पाचव्या डॉक्टरांनी माझ्या हातातली जाडजूड फाइल बाजूला ठेवली आणि लेकीला म्हणाल्या, "तू लिही. आईने लिहायचं नाही." कधी दुखलं, किती वेळ, तेव्हा काय करत होतीस, कशाने थांबलं. एवढंच. दोन आठवड्यांनी वही उघडली तेव्हा जेवणाचा कुठेच संबंध दिसेना. जिना चढताना. दप्तर उचलताना. उजव्या कुशीवर वळताना. शिंकताना. दीड वर्ष मी "काय खाल्लंस?" हेच विचारत होते. "काय करत होतीस?" हे एकदाही विचारलं नव्हतं.

त्यांनी मला पाच मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. या वयाच्या मुलांशी एकटं बोलायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते मला पटलं. शाळेत कुणी त्रास देतंय का, झोप कशी आहे, मन कसं आहे, हे आईसमोर कोण सांगेल? मग मला आत बोलावलं. लेक टेबलावर उताणी झोपली होती. डॉक्टर म्हणाल्या, "कुठे दुखतं ते एका बोटाने दाखव." आजवर ती तळहात ठेवायची. आता तिने तर्जनी ठेवली. बेंबीच्या उजवीकडे, थोडं खाली, जिथे पोटाच्या उभ्या स्नायूची कड संपते तिथे. डॉक्टरांनी त्या जागेवर बोट दाबून धरलं आणि म्हणाल्या, "आता डोकं आणि खांदे उचल." तिने उचलले मात्र, आणि किंचाळली.

पोट ताणल्यावर स्नायू ढालीसारखे कडक होतात. दुखणं आतल्या अवयवाचं असेल तर दाबलेलं बोट तिथवर पोहोचत नाही आणि कळ कमी होते. तशीच राहिली किंवा वाढली, तर दुखणं पोटाच्या भिंतीतच असण्याचा संभव मोठा. ही तपासणी कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जनने 1926 साली सांगितली. तिला ना यंत्र लागतं, ना अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ. पोटाच्या कातडीकडे येणाऱ्या बारीक नसा त्या स्नायूतून वळण घेऊन बाहेर पडतात, आणि तिथे एखादी नस आवळली जाते. त्या जागेची कातडी चिमटीत धरली तरी झोंबत होती, तेही आम्ही पहिल्यांदाच पाहिलं. आम्ही दीड वर्ष पोटाच्या आत शोधत होतो. सोनोग्राफी आतलं दाखवत होती, दुर्बीण आतलं दाखवत होती, आणि दुखणं बाहेरच्या भिंतीत होतं.

त्या जागी भूल देणारं इंजेक्शन दिलं. दहा-पंधरा मिनिटांनी ती टेबलावरून उतरली, सरळ उभी राहिली, आणि स्वतःच्याच पोटावर बोट दाबून पाहत राहिली. पुन्हा दाबलं. पुन्हा. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "आई, म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

तुमच्या मुलाचं दुखणं हेच असेल, असं मी अजिबात म्हणत नाही. बहुधा नसेलच. ॲप्लींचं एक निरीक्षण डॉक्टर आजही सांगतात: दुखरी जागा बेंबीपासून जितकी दूर, तितकं शारीरिक कारण सापडण्याची शक्यता जास्त. तोही पक्का नियम नाही. आमच्या लेकीची जागा तर बेंबीपासून चार बोटांवर होती. पण जागा बेंबीजवळ असो की दूर, उपयोगी पडतं ते मुलाचं बोट, हे मात्र मी बघितलं आहे.

इंजेक्शनं तीन घ्यावी लागली. मधल्या काळात शाळा बंद ठेवली नाही. आधी दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. दीड वर्षात तिच्या मनात दुखण्याची जी धास्ती बसली होती, तिच्यासाठी आम्ही समुपदेशकांकडेही गेलो. त्यात कमीपणा कसला? नस सुटली तरी भीती लगेच सुटत नाही.

गेल्या महिन्यात ती रात्री माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. कुर्ता थोडा बाजूला केला, बोट ठेवलं आणि म्हणाली, "आई, तीच जागा. परवापासून." मी दिवा लावला, वही काढली, आणि सकाळी पहिला फोन डॉक्टरांना केला.

नमस्कार.