पथक परतल्यावर भूल कोण देणार?

आफ्रिकेतल्या मलावी या देशातल्या एका जिल्हा रुग्णालयात मी सहा आठवडे स्वयंसेवक भूलतज्ज्ञ म्हणून होते. पहिल्याच दिवशी तिथल्या मेट्रननी, म्हणजे मुख्य परिचारिकेने, मला एक खोली उघडून दाखवली. आत मॉनिटर, इन्क्युबेटर, भुलीची यंत्रं एकावर एक रचलेली. सगळी परदेशी वैद्यकीय पथकांनी दिलेली, आणि सगळी बंद. काही ११० व्होल्टवर चालणारी होती. मलावीत आपल्यासारखीच २३० व्होल्टची वीज आहे. काहींना फक्त एक फिल्टर हवा होता, पण तो त्या देशात मिळत नव्हता. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गरीब देशांतल्या रुग्णालयांमधली सुमारे ४० टक्के वैद्यकीय उपकरणं बंद आढळली होती. आकडा मी वाचला होता. त्या खोलीत उभं राहिल्यावर तो कळला.

तिथे भूल देणारा माणूस डॉक्टर नव्हता. मलावीत क्लिनिकल ऑफिसर नावाचा वर्ग आहे. एमबीबीएस नाही, पण नेमक्या कामाचं प्रशिक्षण घेतलेली ही माणसं. जिल्हा रुग्णालयांतली बहुतेक सिझेरियन तेच करतात, भूलही तेच देतात. आमचा हा सहकारी रात्रंदिवस एकटा. शस्त्रक्रियागृहात ऑक्सिमीटर एकच, तोही मधूनच बंद पडणारा. कोविडच्या काळात आपल्याकडे घरोघरी बोटाला लावलं जायचं, तेच यंत्र! ते नसलं की तो एक बोट रुग्णाच्या नाडीवर ठेवायचा आणि दर थोड्या वेळाने ओठ उलटून आतला रंग बघायचा. ऑक्सिजन कमी पडला की येणारा निळेपणा काळ्या त्वचेवर उशिरा दिसतो, आत आधी दिसतो. वीज गेली की ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरही थांबतो, कारण तो हवेतला नायट्रोजन गाळून ऑक्सिजन देतो, साठवून ठेवत नाही. अशा वेळी हा सहकारी रुग्णाला श्वास देणारी पिशवी न थांबता हाताने दाबत राहायचा. मी वीस वर्षं भूल देते आहे, तरी त्याच्या जागी मला ते जमलं असतं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही.

मग माझ्यासारखीने तिथे काय करायचं? मी सुरुवातीला सगळ्या केसेस स्वतः घेत होते. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं, की मी भूल देते तेव्हा तो नुसता उभा असतो, आणि मी गेल्यावर पुन्हा तोच एकटा. तेव्हापासून भूल तो देऊ लागला आणि मी शेजारी उभी राहू लागले.

इथे मला इथिओपिया आठवतो. रेजिनाल्ड आणि कॅथरीन हॅम्लिन हे स्त्रीरोगतज्ज्ञ जोडपं १९५९ साली तीन वर्षांच्या करारावर अदिस अबाबाला आलं. बाळंतपण कित्येक दिवस अडलं की बाळाच्या डोक्याच्या दाबाने आतल्या पेशी मरतात, भोक पडतं आणि त्या बाईची लघवी सतत झिरपत राहते. वासामुळे तिला घराबाहेर काढलं जातं. फिस्टुला म्हणतात त्याला. दोघं तिथेच राहिली आणि १९७४ साली त्यांनी केवळ या बायकांसाठी रुग्णालय उभारलं. ममितू गाशे नावाची एक तरुणी त्यांच्याकडे अशीच रुग्ण म्हणून आली होती. लिहिता-वाचता येत नव्हतं. बरी झाल्यावर ती तिथेच मदत करू लागली, शस्त्रक्रियेत हाताखाली उभी राहिली आणि पुढे स्वतः फिस्टुलाच्या शस्त्रक्रिया करू लागली. शिकलेले सर्जन तिच्याकडून शिकून गेले! २००७ साली तिथे सुईणींचं महाविद्यालयही सुरू झालं, म्हणजे फिस्टुला होऊच नये यासाठी. कॅथरीन २०२० साली अदिस अबाबातच गेल्या.

सगळ्यांना साठ वर्षं देता येत नाहीत, मलाही आली नाहीत. पण दहा दिवसांत ढीगभर शस्त्रक्रिया उरकून अकराव्या दिवशी विमान पकडणाऱ्या पथकांबद्दल माझा आक्षेप आहे. टाके पिकतात ते बाराव्या दिवशी, आणि ते निस्तरतो तो क्लिनिकल ऑफिसर.

तुमच्यापैकी कुणी जाणार असाल, तर निघण्याआधी तिथल्या मेट्रनला विचारा, काय हवंय. मी विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारलं. तिने दोनच गोष्टी मागितल्या: कॉन्सन्ट्रेटरचे फिल्टर, आणि ते बदलायला शिकवणारा तंत्रज्ञ.