ससूनच्या वह्या

[कुलाबा, ससून डॉक. पहाट. बोटींतून मासळीच्या पाट्या उतरताहेत.]

लिलावाला तोंड फुटलंय. थोड्या वेळात ही मासळी मुंबईभर पसरेल. १८७५ साली ही गोदी उभी राहिली आणि ज्याच्या पैशातून उभी राहिली त्या घराण्याचं नाव तिला चिकटलं. ससून हे बगदादचे ज्यू. मूळपुरुष डेव्हिड ससून १८३०च्या दशकात मुंबईत आला आणि व्यापारात गब्बर झाला. कापसाच्या, आणि हेही सांगायला हवं, अफूच्या.

[पुणे, कॅम्प. लाल देऊळ.]

१८६४ साली तो पुण्यात वारला. त्याची कबर इथे, लाल देवळाच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, आवारात आहे. त्याच्या देणगीचं रुग्णालयही याच शहरात. 'ससूनला नेलंय' म्हटलं, की पुणेकराला कुठे ते विचारावं लागत नाही.

याच डेव्हिड ससूनचा एक पणतू इंग्रजीतला कवी झाला. सिगफ्रीड ससून, जन्म १८८६, केंट परगणा. घराण्याच्या गडगंज संपत्तीतलं त्याच्या वाट्याला फार थोडं आलं, कारण वडिलांनी धर्माबाहेर लग्न केलं आणि घरच्यांनी त्यांना वारशातून वगळलं. आई इंग्रज, वाग्नरच्या संगीतावर जीव टाकणारी. मुलाचं नाव तिथूनच आलं.

[वहीचं पान. पडदाभर.]

ही त्याची वही, पहिल्या महायुद्धातली, खंदकातली. तो तेव्हा ब्रिटिश सैन्यात अधिकारी होता. कडेला दिसतोय तो चिखल फ्रान्समधल्या रणभूमीवरचा आहे. काही पानांवर मेणबत्तीचं मेण सांडलंय. अक्षर बारीक.

१ जुलै १९१६. सोमच्या लढाईचा पहिला दिवस. ससूनची तुकडी फ्रिकूर गावासमोर राखीव होती. त्या सकाळी त्याच्याकडे काम कमी आणि नजरेसमोर अख्खी लढाई, म्हणून तो घड्याळ लावून नोंदी करत गेला. साडेनऊला लिहितो, खंदकात परत येऊन दाढी केली. मग समोरच्या उतारावरची इवलीशी माणसं, त्यांच्या उन्हात चमकणाऱ्या संगिनी. एक चंडोल वर झेपावू पाहतो, बेत बदलतो आणि खालूनच कसाबसा उडत जातो. आपण उन्हात न्हालेलं नरकाचं चित्र पाहतोय, असंही त्याच नोंदींत आहे. दाढीची नोंद त्याने खोडलेली नाही.

त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जण मेले.

पुढे ससूनने हेच युद्ध दोनदा गद्यात लिहिलं. एकदा शेर्स्टन नावाच्या कल्पित माणसाच्या तोंडून, एकदा स्वतःच्या नावाने. दोन्ही वेळा समोर याच वह्या होत्या. ती पुस्तकं उत्तम आहेत, पण लिहिणाऱ्याला शेवट ठाऊक आहे. वहीतल्या माणसाला उद्याचाही भरवसा नाही. आमच्या मते खरा ससून वह्यांतच सापडतो.

[१९१७ची वही. पानं उलटताना.]

आता हे पान. एप्रिल १९१७मध्ये आरासच्या लढाईत ससूनच्या खांद्याला गोळी लागली. बरा होण्यासाठी तो इंग्लंडला परतला आणि अस्वस्थ झाला. शौर्याबद्दल मिलिटरी क्रॉस हे पदक मिळालेला अधिकारी, तेव्हा भित्रा म्हणायची कुणाची टाप नव्हती. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल आणि संपादक मिडलटन मरी यांच्याशी बोलून त्याने एक निवेदन तयार केलं. त्याचा मसुदा या वह्यांत आहे. आशय असा: लष्करी अधिकारसत्तेचा हा मी जाणूनबुजून केलेला अवमान आहे. स्वसंरक्षणासाठी सुरू झालेलं हे युद्ध आता आक्रमणाचं झालंय, आणि ज्यांच्या हातात ते थांबवणं आहे तेच ते लांबवताहेत. माझा विरोध युद्ध कसं लढलं जातंय याला नाही, ज्या राजकीय लबाडीपायी शिपाई मरताहेत तिला आहे.

हे त्याने आपल्या वरिष्ठांना धाडलं आणि कोर्ट मार्शलची वाट पाहत बसला. त्याला ते हवंच होतं. खटला झाला असता तर गाजला असता.

मध्ये पडला मित्र. कवी रॉबर्ट ग्रेव्हज त्याच्याच रेजिमेंटचा. त्याने ससूनला शपथेवर सांगितलं, की तुझ्यावर खटला भरणार नाहीत, वेड्यांच्या इस्पितळात डांबतील. ते खरं नव्हतं. वैद्यकीय मंडळासमोरही ग्रेव्हज रडून बोलला. निष्कर्ष निघाला, की ससूनचं डोकं ठिकाणावर नाही, आणि रवानगी झाली एडिनबरोजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात. ३० जुलैला निवेदन पार्लमेंटमध्ये वाचलं गेलं, दुसऱ्या दिवशी लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. तोवर निवेदन लिहिणारा आठवडाभर रुग्णालयात होता. मित्राने त्याला वाचवलं आणि सरकारलाही.

याच काळात त्याने पदक मर्सी नदीत फेकलं, अशी दंतकथा आहे. फेकली ती फक्त फीत. पदक २००७ साली स्कॉटलंडमधल्या मल बेटावर, कुटुंबाच्या घरात माळ्यावर सापडलं.

[क्रेगलॉकहार्टची इमारत. मग हस्तलिखित, ब्रिटिश लायब्ररी.]

ऑगस्टमध्ये याच इमारतीत एका तरुण अधिकाऱ्याने ससूनचं दार ठोठावलं. काखेत ससूनच्याच कवितासंग्रहाच्या प्रती, सही घ्यायला. विल्फ्रेड ओएन. रुग्णालयाचं 'द हायड्रा' हे नियतकालिक तो संपादित करायचा. 'अँथम फॉर डूम्ड यूथ' या त्याच्या कवितेच्या मसुद्यावर पेन्सिलीच्या दुरुस्त्या आहेत, त्या ससूनच्या. शीर्षकातही त्याचा हात आहे. दोन कवी एका कागदावर वाकून बसलेत हे इतकं स्पष्ट क्वचितच दिसतं.

ओएन ४ नोव्हेंबर १९१८ला मारला गेला. तार घरी पोचली ती ११ नोव्हेंबरला, शस्त्रसंधीच्या दिवशी. १९२०मध्ये त्याच्या आईने रवींद्रनाथांना पत्र लिहिलं: युद्धावर शेवटचा निघताना मुलाने तुमच्याच ओळी म्हटल्या होत्या.

[केंब्रिज, विद्यापीठाचं ग्रंथालय.]

ससून १९६७पर्यंत जगला. ग्रेव्हजशी १९२९मध्ये बिनसलं, ग्रेव्हजच्या आत्मचरित्रावरून. वह्या घरातच राहिल्या. मुलगा २००६मध्ये गेला आणि कागद विकले जाणार असं दिसलं, तेव्हा केंब्रिजने साडेबारा लाख पौंड उभे केले. त्यातले साडेपाच लाख राष्ट्रीय वारसा निधीचे. हे तेच विद्यापीठ, जिथून ससून पदवी न घेताच बाहेर पडला होता.

२०१४ साली, महायुद्धाच्या शताब्दीला, २३ रोजनिशा संगणकावर खुल्या झाल्या. चार हजारांवर पानं, फुकट. आधी त्या इतक्या नाजूक मानल्या जात, की संशोधकांनाही सहजी मिळत नसत. आता नंदुरबारमधला विद्यार्थीही ती पानं उघडू शकतो. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या कागदांचं असंच व्हायला हवं.

[फ्रान्समधले भारतीय शिपाई. स्थिरचित्र.]

ससून फ्रान्सला पोचला त्याच्या आधीपासून तिथे भारतीय शिपाई लढत होते. त्यांच्या पत्रांवर सेन्सॉर बसला होता. पत्रं वाचून, उतारे इंग्रजीत करून तो वर धाडायचा. त्यात काही मराठी पत्रंही होती. उतारे लंडनला ब्रिटिश लायब्ररीत जपून ठेवलेत. सेन्सॉरला खटकलं नाही ते पत्र पुढे पत्त्यावर गेलं. आज त्या शिपायांचं म्हणणं वाचायचं तर बहुतेक वेळा सेन्सॉरच्या इंग्रजीतूनच वाचावं लागतं.